वाहणारा डोळा आणि तशीच राहिलेली दाढ

सात वर्षांचा ससा. केस पेपरवर तक्रार एकच: उजवा डोळा वाहतो. आधीच्या दवाखान्यात थेंब बदलून बदलून देऊन झाले होते. त्याला घेऊन आलेल्या बाई मात्र वेगळंच सांगत होत्या. "डॉक्टर, पाला दाखवला की धावत येतो, तोंडात घेतो आणि टाकून देतो."

हे ऐकलं आणि मी डोळा सोडून जबडा चाचपायला घेतला. सशाचे 28 च्या 28 दात जन्मभर वाढतात. गवत चघळून ते झिजले नाहीत की दाढा वर वाढतात, समोरच्या दाढेला भिडतात आणि मग मुळं हाडात मागे सरकतात. वरची मुळं अश्रुनलिकेला खेटून असतात. नळी दबली की डोळा वाहणारच, थेंब काय करणार? खालच्या जबड्याच्या कडेला माझ्या बोटाला उंचवटे लागले. हनुवटी लाळेने ओली होती. पटाशीचे दात उभे चिरलेले, कारण कुणीतरी ते नखं कापायच्या कात्रीने छाटले होते. याचा मला मनापासून राग येतो. त्या कात्रीने दात फुटतो आणि चीर हिरडीखाली उतरते. फिरत्या चकतीने दात कापायला वेळ लागतो, पण तेवढा द्यायलाच हवा.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. त्याची मान जुन्या आजारामुळे एका बाजूला कललेली होती आणि रक्ताच्या तपासणीत किडनी अधू निघाली. मेंदू आणि किडनी दोन्हींवर हल्ला करणारा एक परजीवी सशांमध्ये असतो, आमचा संशय त्याच्यावरच होता. अशा जनावराला भूल देणं धोक्याचं. न द्यावी, तर दुखणाऱ्या तोंडाने तो खाणार नाही, आतडी थंडावतील आणि उपाशी सशाचं यकृत बघता बघता चरबीने भरतं.

आधी सलाईन, ऊब, सिरिंजने भरवणं. वेदनाशामक निवडतानाही किडनीचा विचार. फळ्यावर कुणीतरी 'रात्रीपासून उपाशी' असं लिहिलं होतं, ते मी पुसलं. सशाला उलटी होत नाही, त्याला भुलीआधी असं उपाशी ठेवायचंच नसतं. कुत्र्यामांजरांचे नियम सशाला लावायची खोड आमच्या व्यवसायातून जाता जात नाही.

सशाचं तोंड उघडतं जेमतेम बोटभर आणि दाढा पार आत. गाल चिमट्याने बाजूला धरून, जीभ पट्टीने दाबून आत पाहिलं. खालच्या दाढेचं टोक जिभेत रुतलं होतं, तिथे करड्या कडांची खोल जखम. वरचं टोक गालात. दात घासणारं फिरतं टोक, म्हणजे 'बर', थोडा वेळ चालवायचा, थांबायचं, दात तापू द्यायचा नाही, पुन्हा चालवायचा. सहकारी श्वास मोजत होती. टोकं गेली, चावण्याची पातळी बरीचशी जुळली.

राहिली ती खालची एक दाढ. एक्स-रेमध्ये तिच्या मुळाभोवती काळसर वलय होतं, पू धरायची सुरुवात असावी. सशाचा पू घट्ट, तो आपसूक वाहून जात नाही. सर्जन मित्राचं मत स्पष्ट होतं: आत्ताच काढ, नाहीतर पुन्हा भूल द्यावी लागेल. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण त्याच वेळी शरीराचं तापमान उतरू लागलं होतं आणि ती दाढ सहजी निघणारी नव्हती. मी थांबलो. पेनिसिलीन सुरू केलं, इंजेक्शनने. तोंडावाटे दिलं तर तेच औषध सशाच्या आतड्यातले जिवाणू बिघडवून जीव घेऊ शकतं.

तो शुद्धीवर आला, सिरिंज चाटू लागला, पुढे बारीक चिरलेला पाला खाऊ लागला. लेंड्या मोठ्या होत गेल्या. टोकं पुन्हा येणार, दर वेळी आधी किडनीची तपासणी होणार, हे बाईंना समजावून सांगितलंय. त्यांनी विचारलं, "ती दाढ राहिली ती?" पुढच्या एक्स-रेमध्ये वलय वाढलेलं दिसलं तर काढेन, असं मी म्हणालो. तोवर किडनी आणखी उतरली असेल तर काय करायचं, याचं उत्तर मी अजून शोधतोय.