पहिला पॅडल बोर्ड घेताय? आधी डिकी मोजा

पुण्यात राहून पहिला स्टँड अप पॅडल बोर्ड (ज्यावर उभं राहून वल्हवतात ती पाण्यावरची फळी) घ्यायचा असेल तर टेप आधी गाडीच्या डिकीला लावा. हवा भरायचा बोर्ड गुंडाळून पिशवीत घातला की साधारण 90 सेंटिमीटर उंच, 40 सेंटिमीटर रुंद असं गाठोडं होतं आणि पंप, वल्हं धरून वजन सहज 12-14 किलोच्या घरात जातं. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर ते तिथे मावणार नाही, मागची सीट पाडावी लागेल. मग मागे पोरं बसणार कुठे, हे दुकानात जाण्याआधी ठरवलेलं बरं. कडक फायबरचा बोर्ड पाण्यात जास्त छान चालतो यात वाद नाही. पण साडेदहा फुटी म्हणजे 3.2 मीटरची ती फळी सोसायटीच्या लिफ्टमध्ये जात नाही, बाल्कनीत उन्हात ठेवता येत नाही आणि टपावर बांधून ताम्हिणी उतरताना जीव टांगणीला लागतो. कोकणात स्वतःचं घर असेल तर त्याचा विचार करा, नाहीतर हवेचाच घ्या.

आता ‘मिश्र वापराला’, म्हणजे सगळ्या प्रकारच्या पाण्यात चालेल असा बोर्ड हवा, म्हणताना लोकांना काय हवं असतं ते. बहुतेकांच्या डोक्यात पवनेचं शांत पाणी, थंडीत कोकणातली एखादी खाडी, पुढ्यात बसलेलं मूल किंवा कुत्रा आणि जमलं तर किनाऱ्यावरच्या लाटा असं सगळं असतं. यातल्या लाटा हिशेबातून काढून टाका. गुडघाभर लाटेवर साधा ऑलराउंड बोर्डही चालतो. खास लाटांसाठी बनवलेला आखूड बोर्ड मात्र धरणात वल्ह्याच्या दर माराला नाक फिरवतो आणि सरळ जाता जाता दमछाक होते. दुसऱ्या टोकाला साडेबारा फुटी, 30 इंची टोकदार टूरिंग (लांब पल्ल्याचा) बोर्ड. तो वेगात पाणी कापतो, पण पुढचं मूल जरा हललं की नवशिक्या पाण्यात. म्हणून मधला मार्ग: लांबी 10 फूट 6 इंच, रुंदी 32 इंच, जाडी 6 इंच, नाक गोलसर. तुमचं वजन 85-90 किलोच्या पुढे असेल किंवा बरोबर मूल नेहमीच असणार असेल तर 11 फूट बाय 34 इंच. उंची कमी असलेल्यांनी 34 इंचाच्या मोहात पडू नये. वल्हं कडेपर्यंत नेताना सारखं वाकावं लागतं आणि तासाभरात खांदा बोलू लागतो.

जाहिरातीत लिटरचा आकडा मोठा असतो, 300 वगैरे. 300 लिटरचा बोर्ड पूर्ण बुडवायला 300 किलो लागतात हे खरं, पण तितका भार घातला तर तुम्ही उभेच राहू शकणार नाही. हवेच्या बोर्डाची खरी मर्यादा ताठपणाची असते. वजन मध्ये आलं की नाक आणि शेपूट वर उचलतात, पोट खाली जातं आणि बोर्ड पाणी ढकलत रडतखडत चालतो. आतमध्ये वरचा आणि खालचा थर हजारो धाग्यांनी जोडलेला असतो, त्याला ड्रॉप स्टिच म्हणतात. त्या धाग्यांना ताण येतो तो दाबाने. 10 पीएसआयला (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) बोर्ड हाताला कडक लागतो, पण पायाखाली लवतो. 14-15 लागतातच. 4 इंची जाडीचे स्वस्त बोर्ड तेवढा दाब भरूनही मोठ्या माणसाखाली वाकतात, ते मुलांसाठी ठीक. पीव्हीसीच्या एका थराचा बोर्ड हलका आणि स्वस्त असतो. कारखान्यातच दोन थर एकजीव केलेला थोडा महाग, पण तो जास्त ताठ आणि हाताने गोंद लावून चढवलेल्या दोन थरांपेक्षा हलका.

आपल्याकडे बोर्ड मारतं ते ऊन. सकाळी 25 अंशाला 15 पीएसआय भरलेला बोर्ड काठावर उन्हात ठेवला आणि आतली हवा 50 अंशाला पोचली की दाब 17 च्या वर जातो. कडेच्या जोडाचा गोंद त्याच वेळी उष्णतेने मऊ पडलेला असतो, आणि शिवण सुटते ती अशी. पाण्यात असेपर्यंत काळजी नाही, पाणी त्याला गार ठेवतं. जेवायला बाहेर आलात की सावलीत ठेवा, सावली नसेल तर 3 पीएसआय सोडून द्या. मे महिन्यात बंद गाडीत दिवसभर ठेवणं तर नकोच.

व्हॉल्व्हमध्ये मधोमध एक पिन असते. ती दाबून फिरवली की वर येते किंवा खाली अडकते. भरताना ती वर हवी. खाली राहिली तर पंपाची नळी काढताक्षणी दहा मिनिटांची मेहनत एका फुस्समध्ये जाते. दुहेरी पंप (दांडा वर ओढताना आणि खाली दाबतानाही हवा भरणारा) 7-8 पीएसआयनंतर एकेरी करा, आणि काटा सुरुवातीला हलत नाही म्हणून पंप बिघडला असं समजू नका, बऱ्याच पंपांचा काटा 5-6 नंतरच जागा होतो. गाडीच्या 12 व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा पंप घेतलात तर इंजिन चालू ठेवा. शंभरेक वॅट खाणारं यंत्र आहे, परतताना बॅटरी बसलेली नको.

फिनबद्दल, म्हणजे बोर्ड सरळ ठेवणाऱ्या तळाच्या कल्ल्याबद्दल, दुकानदार फारसं बोलत नाहीत, तुम्हीच विचारा. खाचा ‘यूएस बॉक्स’ पद्धतीचा असेल तर कुठल्याही कंपनीचं फिन बसतं. स्वतःच्याच पद्धतीचा खाचा असेल तर फिन तुटल्यावर बोर्ड घरी बसतो. मधलं फिन 9 इंची येतं. उन्हाळ्यात पवनेतलं पाणी उतरून वाघेश्वराचं देऊळ उघडं पडतं, तेव्हा काठाजवळ खडक आणि झाडांची खोडं वर आलेली असतात. 9 इंची फिन तिथे अडकलं की बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे जातो. त्या दिवसांसाठी 4-5 इंची फिन बरोबर हवं. यूएस बॉक्सचा स्क्रू आणि चौकोनी चकती चिखलात पडली की सापडत नाही, जास्तीची जोडी पिशवीत ठेवा.

उरलेले पैसे वल्ह्यात घाला. बोर्डाबरोबर फुकट येणारं अ‍ॅल्युमिनियमचं वल्हं किलोभर किंवा जास्त भरतं, कार्बनचं 700 ग्रॅमच्या आसपास. मिनिटाला 30 मार धरले तर तासात 1800. दर माराला 300 ग्रॅम जास्त उचलले तर तासाला 540 किलो फुकटचे उचलले. कार्बन परवडत नसेल तर फायबरची दांडी तरी घ्या. लांबी तुमच्या उंचीपेक्षा 20-25 सेंटिमीटर जास्त, म्हणजे 168 उंचीला 190 च्या आसपास. पात्याचा बाक पुढे, नाकाकडे हवा. बरेच नवखे वल्हं उलटं धरतात, कारण चमच्यासारखं पाणी ओढायचं असं वाटतं.

लाइफ जॅकेट पोहता येत असलं तरी घालायचंच. लीश, म्हणजे तुम्हाला बोर्डाशी बांधून ठेवणारी दोरी, शांत पाण्यात गुंडाळीची, लाटांत सरळ. वाहत्या पाण्यात घोट्याला बांधलेली लीश खोडात अडकली तर हात तिथवर पोचत नाही, तिथे कमरेची, झटक्यात सुटणारी लागते. कोलाडच्या कुंडलिका नदीवर पहिला बोर्ड नेऊच नका.

6 इंची बोर्ड पाण्यावर उंच बसतो, म्हणून वारा त्याला धरतो. सकाळी लवकर उतरा, जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर वारा परत आणतो. वारा वाढला तर गुडघ्यावर बसून वल्हवा. खाडीत हाच नियम भरती-ओहोटीला. पावसाळ्यात समुद्राचं नावच काढू नये. खडकवासला शहराचं पिण्याचं पाणी आणि काठाला एनडीएची हद्द, मुळा-मुठेबद्दल पुणेकरांना सांगायला नको. इतर धरणांवरही कुठे उतरू देतात ते आधी विचारून घ्या.

बोर्ड घरी आल्याबरोबर, परत करायची मुदत असतानाच, सावलीत 15 पीएसआय भरून 24 तास ठेवा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजा, म्हणजे तापमानाचा फरक पडणार नाही. एखादा पीएसआय कमी दिसला तर तो बहुधा नळी लावताना गेलेला असतो. जास्त उतरला तर व्हॉल्व्हभोवती आणि कडेच्या जोडावर साबणाचं पाणी लावा. व्हॉल्व्हपाशी बुडबुडे आले तर किटमधल्या पान्याने तो आवळा, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. जोडावर आले तर ठिगळ लावत बसू नका, बोर्ड परत पाठवा.