चावा लपवणारा माणूस

झॉम्बीच्या पिक्चरमधी मला झॉम्बीची भीती कधीच वाटत नाही. तोंडाला रक्त लागलेलं, येडंवाकडं चालणारं, लांबूनच कळतं, पळायचं आपण, विषय संपला. भीती वाटते ती शर्टाची बाही खाली ओढून चावा झाकणाऱ्या अन सगळ्यांसोबत गुपचूप गाडीत येऊन बसणाऱ्या माणसाची. असला एक नग बहुतेक पिक्चरमधी असतोच.

कोरोनात आपण सगळेच थोडेथोडे तसे झालो होतो की. लग्नात खोकला आला की ठसका लागला म्हणायचं, घसा धरला तर काल कुल्फी खाल्ली ना. कारण टेस्ट केली की गल्लीला पत्रे ठोकणार, दूधवाला दारात येणार नाही, शेजारीण खिडकी लावून घेणार. रोगापेक्षा लोक आपल्याला वेगळं काढतील याचीच धास्ती जास्त. १८९७ ला पुण्यात प्लेगच्या वेळी पण हेच, इंग्रज अधिकारी रँडचे सोजीर घरात घुसून रोगी शोधायचे अन लोक आजारी माणूस लपवून ठेवायचे.

१९२२ च्या 'नोस्फेराटू' मूकपटात व्हॅम्पायर जहाजातून शहरात येतो, सोबत उंदीर अन प्लेग. आता उंदराचं आम्हा बीडकडच्या लोकांना कोणी काय सांगावं! १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला, भीतीनं कितीतरी लोकांनी जुनी घरं सोडली, धान्य तिथंच राहिलं, मग उंदरांचंच राज्य, अन १९९४ ला आमच्या जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगच्या गाठी निघाल्याची बातमी आली. पिक्चरमधी दाखवलं असतं तर आपणच म्हणलो असतो, काहीपण दाखवतेत राव.

अन खरा हॉरर तर मरीआईच्या गाड्यात आहे. पूर्वी पटकी म्हणजे कॉलरा आला की गाडा सजवायचा, हळदकुंकू, लिंबं, हिरव्या बांगड्या, अन वाजतगाजत शिवेपलीकडं नेऊन सोडायचा. म्हणजे रोगराई गेली! कुठं गेली? तर शेजारच्या गावात. ते पण येडे नव्हते, ते अजून पुढं ढकलायचे. यावर पिक्चर निघालेला मी तरी बघितला नाही, निघाला तर ना भूत लागंल ना मेकअप, नुसती गाडा ओढणारी साधी देवभोळी माणसं दाखवायची, अन ज्या गावाच्या शिवेत तो सोडायचा त्याच गावात त्यांच्यातल्या कोणाची तरी लेक दिलेली.