समकक्ष कंपन्यांची व्याख्या लिहिताना : माझा अनुभव

अधिकाऱ्यांना द्यायचे शेअर तुलनात्मक टीएसआरवर (टोटल शेअरहोल्डर रिटर्न, म्हणजे भागधारकाचा एकूण परतावा) ठरणार असतील तर कागदावर प्रश्न साधा दिसतो. तीन वर्षांत भाववाढ आणि लाभांश मिळून आपल्या भागधारकाला किती परतावा मिळाला, त्याच काळात समकक्ष कंपन्यांच्या भागधारकांना किती मिळाला, त्यात आपला नंबर कितवा, आणि त्या नंबराला किती शेअर. अशा योजनांचे करार लिहिणं आणि मुदत संपल्यावर त्यांचा हिशेब करणं, ही दोन्ही कामं माझ्याकडे असतात. करार लिहिताना संचालक मंडळाच्या वेतन कमिटीचा जवळजवळ सगळा वेळ यादीत कोण घ्यायचं यावर जातो. यादीतली एखादी कंपनी मधेच विकली गेली तर काय करायचं, हे कलम मात्र जुन्या करारातून जसंच्या तसं उचललं जातं. तीन वर्षांनी वाद होतो तो त्याच कलमावरून.

यादीची सुरुवात बहुतेक वेळा चुकीच्या यादीपासून होते. पगार बाजाराला धरून आहेत का हे तपासण्यासाठी कंपनीकडे एक यादी आधीच असते, तीच इथे चिकटवली जाते. ती आकारावर बेतलेली असते: साधारण आपल्या निम्म्यापासून दुप्पट उलाढालीच्या, आपली माणसं जिथे जाऊ शकतात अशा कंपन्या. टीएसआरला या गोष्टींशी देणंघेणं नाही. आपला शेअर विकून गुंतवणूकदार त्याऐवजी कोणाचा घेईल, आणि कच्च्या मालाचा भाव, व्याजदर, मागणीची चढउतार यांचा झटका आपल्याबरोबर आणखी कोणाला बसतो, हे इथे बघायचं. आपल्या पाचपट मोठी कंपनीही चालते, कारण मोजणी टक्क्यांत असते. अमेरिकेत नोंदलेल्या कंपन्यांच्या बाबतीत गोंधळाचं आणखी एक कारण असतं. एसईसीने (तिथल्या शेअरबाजार नियामकाने) 2022 मध्ये केलेल्या नियमानुसार वेतन आणि कामगिरी यांचा जो तक्ता छापावा लागतो, त्यात समकक्ष गटाचा परतावा बाजारमूल्याचं वजन देऊन काढतात, तिथे नंबर लावत नाहीत. तो तक्ता दाखवून ‘आपण तर पुढे होतो’ म्हणणारे अधिकारी भेटतात. त्यांचा आकडा खरा असतो, पण शेअर त्या आकड्यावर ठरलेले नसतात.

लांबलचक यादी गाळताना मी दोन आकडे बघते. पहिला, गेल्या तीन वर्षांच्या साप्ताहिक परताव्यांचा आपल्याशी असलेला सहसंबंध. रोजचे परतावे घेतले तर निरनिराळ्या देशांतल्या बाजारांच्या वेळा आडव्या येतात आणि सहसंबंध उगाच कमी दिसतो. मासिक घेतले तर हाताशी 36 नोंदीच उरतात. दुसरा आकडा अस्थिरतेचा, आणि याकडे फारसं कोणी बघत नाही. आपल्या दुप्पट हेलकावे खाणारी कंपनी तीन वर्षांनी बहुधा यादीच्या वरच्या नाहीतर खालच्या टोकाला सापडते. यादीत अशाच कंपन्या भरल्या तर आपण बरं काम करूनही मधल्या पट्ट्यात अडकतो. उलट आपणच सगळ्यांत अस्थिर असू, तर एका खेपेला शून्य आणि पुढच्या खेपेला ठरलेल्या शेअरच्या 200 टक्के असं होत राहतं. धंदा सारखा आहे म्हणून नुकतीच नोंदलेली कंपनी घ्यायचा मोह कमिटीला होतोच. तपासायला इतिहास नसल्यामुळे मी ती सहसा गाळते.

किती कंपन्या, हे ठरवण्याआधी पेआउटचा आलेख समोर ठेवावा, म्हणजे कोणत्या पर्सेंटाइलला (ढोबळमानाने, किती टक्के समकक्ष कंपन्या आपल्या खाली) टार्गेटच्या, म्हणजे ठरलेल्या शेअरसंख्येच्या, किती टक्के शेअर मिळणार ते. नेहमीचा आलेख असा असतो: 25व्या पर्सेंटाइलच्या खाली काही नाही, 25ला टार्गेटच्या 50 टक्के, 50ला 100 टक्के, 75ला आणि वर 200 टक्के, मधल्या जागी सरळ रेषेत. म्हणजे 50 ते 75 या पट्ट्यात एक पर्सेंटाइल 4 टक्क्यांचा. यादीत 10 कंपन्या असतील तर एक जागा वरखाली झाली की पेआउट 40 टक्क्यांनी उडी मारतो. 16 असतील तर 25 टक्क्यांनी, 25 असतील तर 16 टक्क्यांनी. तीन वर्षांत दोनतीन गळतात हे धरून मी 18 ते 20ने सुरुवात करते. सोबत क्रम लावलेली राखीव यादी जोडते: संख्या अमुकच्या खाली गेली तर पहिली राखीव कंपनी आत, आणि तिचा परतावा मुदतीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचा. म्हणून राखीव कंपनीही त्या दिवशी बाजारात नोंदलेली असावी लागते.

हाताने यादी करण्याऐवजी ‘अमुक निर्देशांकातल्या कंपन्या’ असं लिहिलं की काम संपलं असं वाटतं. पण कोणत्या तारखेच्या? शेवटच्या दिवसाची यादी घेतली तर दरम्यान घसरून बाहेर फेकल्या गेलेल्या कंपन्या निसटतात आणि चढून आत आलेल्या मोजल्या जातात. आपली तुलना मग फक्त टिकलेल्यांशी होते. पहिल्या दिवसाची यादी गोठवायची आणि ती कराराला जोडायची. उद्योगवर्गाच्या कोडवर विसंबलं तरी तीच गत. जीआयसीएस या कंपन्यांच्या जागतिक उद्योगवर्गीकरणात सप्टेंबर 2018 मध्ये अल्फाबेट आणि फेसबुक कम्युनिकेशन सर्व्हिसेसमध्ये गेल्या, मार्च 2023 मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड माहिती तंत्रज्ञानातून वित्तीय क्षेत्रात गेल्या. ‘माहिती तंत्रज्ञान वर्गातल्या कंपन्या’ एवढंच लिहिलेल्या करारात त्या दिवशी कोण आत आणि कोण बाहेर, हे वकिलाला विचारावं लागतं.

प्रत्येक नावापुढे शेअरबाजार, शेअरचा वर्ग आणि आयएसआयएन (त्या शेअरचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) लिहावा. अल्फाबेटचे दोन वर्ग बाजारात चालतात आणि दोघांचे भाव वेगळे असतात. फेसबुकचं नाव ऑक्टोबर 2021 मध्ये मेटा झालं आणि टिकर (बाजारातलं आद्याक्षरी चिन्ह) 2022च्या जूनमध्ये बदलला. सुटलेला टिकर पुढे दुसऱ्याच कंपनीला मिळू शकतो, त्यामुळे टिकर ही ओळख मानू नये. परदेशी कंपनी असेल तर परतावा तिच्या मूळ चलनात की आपल्या, हे एका वाक्यात सांगून टाकावं. मी मूळ चलन पसंत करते. नाहीतर विनिमय दराचं श्रेय किंवा दोष अधिकाऱ्यांच्या खात्यात पडतो.

आता नाहीशा होणाऱ्या कंपन्यांकडे येऊ. समजा 16 कंपन्या आहेत आणि त्यांपैकी 10 आपल्या खाली: 62.5 पर्सेंटाइल, पेआउट 150 टक्के. वरच्या सहांपैकी दोन विकल्या गेल्या आणि त्या काढून टाकल्या, तर 14 पैकी 10, म्हणजे 71.4 आणि पेआउट 185.7. खालच्या दोन विकल्या गेल्या तर 14 पैकी 8, म्हणजे 57.1 आणि 128.6. आपण काहीच वेगळं केलेलं नाही आणि फरक टार्गेटच्या 57 टक्क्यांचा. तरीही विकली गेलेली कंपनी पूर्ण मुदतीसाठी काढून टाकावी असंच माझं मत आहे. दुसरा पर्याय म्हणजे तिचा शेवटचा परतावा गोठवून ठेवणं. पण त्यात टेकओव्हरचा प्रीमियम (खरेदीदाराने बाजारभावावर दिलेली जादा रक्कम) आणि अर्धवट काळ दोन्ही शिरतात, आणि 14 महिन्यांचा परतावा 36 महिन्यांच्या रांगेत उभा राहतो.

‘विकली गेली’ म्हणजे कधी, हेही लिहावं लागतं. नोव्हेंबरमध्ये सौदा जाहीर झाला, मुदत 31 डिसेंबरला संपली, सौदा पूर्ण झाला फेब्रुवारीत. डिसेंबरात तो शेअर खरेदीदाराच्या भावाला चिकटून बसलेला असतो. बाजार वरखाली झाला तरी तो हलत नाही. म्हणून मी लिहिते: खरेदीचा अंतिम करार जाहीर झाला असेल आणि मुदत संपण्याआधी तो रद्द झाला नसेल, तर कंपनी वगळायची. यादीतल्या एकीने दुसरीला घेतलं तर घेणारी राहते. यादीबाहेरच्या लहान कंपनीला घेतलं तर काहीच बदलत नाही.

दिवाळखोरीचा नियम नेमका उलटा हवा. बुडालेली कंपनी काढायची नाही. उणे 100 टक्के धरून तळाशी ठेवायची, तिचे शेअर नंतर कुठे पैशापैशाने फिरत असले तरी. वरच्या उदाहरणात खालच्या दहांपैकी एक बुडाली आणि चुकून काढली गेली तर 15 पैकी 9 उरतात, 60 पर्सेंटाइल, पेआउट 140. त्याच वादळातून आपली कंपनी तरली आणि तिलाच 10 टक्क्यांचा फटका. नोंदणी रद्द होण्याचेही दोन प्रकार असतात: निकष न पाळल्याने बाजाराने काढलं तर तळाशी, प्रवर्तकांनी सगळे शेअर विकत घेऊन कंपनी खासगी केली तर बाहेर. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात गेली तर जिथल्या तिथे. ‘डीलिस्ट झाल्यास वगळावी’ या एका ओळीत हे तिन्ही प्रकार कोंबलेले करार मी पाहिले आहेत.

डीमर्जर झालं, म्हणजे यादीतल्या कंपनीने एखादा धंदा वेगळ्या कंपनीत काढून तिचे शेअर आपल्या भागधारकांना वाटले, तर नव्या कंपनीचा शेअर हा लाभांश समजायचा, त्याच्या पहिल्या दिवसाच्या बंद भावाने त्याची किंमत करायची आणि ती रक्कम मूळ शेअरमध्ये गुंतवली असं धरायचं.

सुरुवातीचा आणि शेवटचा भाव एका दिवसाचा घेऊ नये. 23 मार्च 2020 हा एस अँड पी 500 या अमेरिकी निर्देशांकाचा कोविडच्या पडझडीतला तळ होता. त्या दिवसापासून मोजलेला परतावा आणि महिनाभर आधीपासून मोजलेला परतावा यांची तुलनाच होत नाही. 20 किंवा 30 व्यवहाराच्या दिवसांची सरासरी घ्यावी, आणि ते दिवस सुरुवातीच्या तारखेआधीचे की नंतरचे हे लिहावं.

लाभांशात लोक हमखास अडखळतात. सुरुवातीचा भाव 200, लाभांश 5, एक्स-डिव्हिडंड दिवशीचा (ज्या दिवसापासून शेअर लाभांशाशिवाय विकला जातो) बंद भाव 196, शेवटचा भाव 240. लाभांश नुसता मिळवला तर परतावा 22.5 टक्के. तोच 196ने गुंतवला तर एका शेअरचे 1.0255 शेअर होतात आणि परतावा 23.06 टक्के. एका लाभांशात अर्धा टक्का. तीन वर्षांत तिमाही लाभांश बारा असतात, आणि शेजारच्या दोन कंपन्यांत अंतर कधीकधी तेवढंच असतं. एक्स-तारीख सरासरीच्या 20 दिवसांतच पडली तर लाभांश एकदा सुटतो किंवा दोनदा मोजला जातो. म्हणून सरासरी मी लाभांश गुंतवलेल्या भावांचीच काढते. डेटा विकणाऱ्यांचा तयार ‘समायोजित भाव’ (लाभांश धरून मागचे भाव कमी केलेला) घेऊन बसलात तर लक्षात ठेवा, प्रत्येक नव्या लाभांशाबरोबर मागचे सगळे आकडे बदलतात. मूळ भाव आणि लाभांशांची वही वेगळी जपावी.

एवढं करून पर्सेंटाइलचं सूत्र न लिहिता सोडलेले करार निघतात. तेच 16 जण, 10 आपल्या खाली. खाली असलेले भागिले 16 केलं तर 62.5. आपल्याला धरून 17, आपण खालून अकरावे, 11 भागिले 17 केलं तर 64.7. एक्सेलचं पर्सेंटरँक.एक्सक (PERCENTRANK.EXC) आपल्यासकट चालवलं तर 11 भागिले 18, म्हणजे 61.1. पर्सेंटरँक.इंक (PERCENTRANK.INC) नुसत्या सोळांवर चालवलं तर उत्तर 60 आणि 66.7च्या मधे कुठेतरी, आपण शेजाऱ्यांच्या किती जवळ आहोत त्यावर. खालचा 24 टक्के, आपण 31, वरचा 44 असेल तर 62.3. टार्गेट 40,000 शेअरचं असेल तर पहिल्या रीतीने 60,000, दुसऱ्या रीतीने 63,529, तिसऱ्या रीतीने 57,778 शेअर. मी पहिली रीत लिहिते आणि खाली हेच उदाहरण आकड्यांसकट जोडते. पर्सेंटाइल किती दशांशांपर्यंत घ्यायचा, तेही. 74.6ला 75 म्हणणारा कोणी ना कोणी भेटतोच. आपलाच परतावा उणे असेल तर पेआउट 100 टक्क्यांवर थांबवायचा, ही ओळ आता बरेच गुंतवणूकदार मागतात.

हिशेबनीसांना हे सगळं पहिल्या दिवशी हवं असतं. एएससी 718 (अमेरिकी) आणि आयएफआरएस 2 (आंतरराष्ट्रीय) या दोन्ही हिशेब-मानकांत टीएसआर ही बाजाराशी जोडलेली अट मानतात. ती धरून शेअरची किंमत योजना दिली त्या तारखेलाच, सहसा मॉन्टे कार्लो पद्धतीने (संगणकावर हजारो काल्पनिक भावमार्ग चालवून) काढतात आणि ती खर्च म्हणून दाखवतात. अधिकारी मुदतभर नोकरीत राहिला तर शेवटी एकही शेअर मिळाला नाही तरी तो खर्च उलटवता येत नाही. कंपनी वगळण्याचा नियम करारातच यांत्रिकपणे लिहिलेला असेल तर तो आपोआप चालतो. मधेच कमिटीने यादी बदलली तर तो अटींतला बदल ठरतो, पुन्हा किंमत काढावी लागते. ‘कमिटीला योग्य वाटेल तसे’ हे शब्द त्यामुळे मी शक्य तितके काढते.

सही होण्याआधी मसुदा, गेल्या तीन वर्षांचे भाव आणि लाभांश असा संच हे काम न पाहिलेल्या एका सहकाऱ्याला देते आणि त्या यादीचा काल्पनिक पेआउट काढायला सांगते. मी बाजूला तोच हिशेब करते. तो जे विचारेल ते उत्तर म्हणून तोंडी सांगायचं नाही, मसुद्यात लिहायचं. पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी लाभांश कोणत्या दिवशीच्या भावाने गुंतवायचा हा असतो, आणि दुसरा, आपली कंपनी मोजायची की नाही.