प्रत्येक गाडीला एकच क्रेट

फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळगावकडच्या पॅकहाउसांवर द्राक्षांच्या गाड्या लागतात. गेटवर क्रेट मोजून पावती द्यायची, एवढंच काम. तो पावतीचा प्रोग्राम आमच्या टीमने हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलाय. मी नाशिकला, अंबडच्या ऑफिसात असतो.

सकाळीच गेटवरून फोन: "साहेब, अडीचशे क्रेट उतरवलेत आणि पावतीवर एक येतोय. शेतकरी दादा जाम तापलेत." मागच्या गाडीलाही एक. त्यामागच्या गाडीलाही एकच.

आदल्या दिवशी सहकाऱ्याने नोंद वाचणारं फंक्शन बदललं होतं. आधी ते क्रेटची यादी द्यायचं. आता जोडी देत होतं, नापास क्रेट आणि पास क्रेट. बाकी ठिकाणी कंपायलरने, म्हणजे कोड चालण्याआधीच तपासणाऱ्या प्रोग्रामने, एरर दिल्या, त्या त्याने नीट दुरुस्त केल्या. मोजणीच्या ओळीवर एररच आली नाही. जीएचसी या हास्केलच्या कंपायलरच्या २०१५ च्या ७.१० आवृत्तीपासून 'लेंथ' हे लांबी मोजणारं तयार फंक्शन फक्त यादीपुरतं राहिलेलं नाही, फोल्डेबल, म्हणजे आतल्या वस्तू एकेक करून घेता येतात असं, काहीही त्याला चालतं. जोडीही चालते. आणि जोडीची लेंथ कायम १, कारण त्यात फक्त दुसरी बाजू मोजली जाते, तीही अख्खी एक वस्तू म्हणून. आमच्या टेस्टमधल्या नमुना गाडीत क्रेटही एकच होता! असल्या टेस्टचा मला मनापासून राग येतो.

टीममध्ये सिग्नेचर, म्हणजे फंक्शन कोणत्या टाइपचं (प्रकारचं) काय घेतं आणि काय देतं हे सांगणारी ओळ, लिहायचा कंटाळा आहे. "कंपायलर ओळखतो ना टाइप, मग हाताने कशाला?" ओळखतो, खरंय. टाइप ओळखण्यामागची हिंडली-मिल्नर पद्धत सर्वांत व्यापक टाइप शोधून देते, पण तो समोर असलेल्या कोडचा. आपल्याला काय म्हणायचं होतं, ते तिला कुठून कळणार?

तरी मला छळतंय ते वेगळंच. मोजणीच्या फंक्शनवर सिग्नेचर असती तर? नोंद घेतो, पूर्णांक देतो. बदलाआधी तीच, बदलानंतरही तीच. वाचणाऱ्या फंक्शनची सिग्नेचर तर त्याने बदलासोबत बदललीच असती. म्हणजे दोन्हीकडे सिग्नेचर असूनही पावतीवर एकच छापलं असतं. टाइप सांगायला हवा होता तो वाचणाऱ्या फंक्शनकडून लेंथकडे जाणाऱ्या, कुणीच नाव न दिलेल्या मधल्या व्हॅल्यूचा.

दुपारी 'क्रेटमोजा' नावाचं एका ओळीचं फंक्शन लिहिलं: क्रेटची यादी घेणार, पूर्णांक देणार, आत नुसतं लेंथ. जोडी दिली की लगेच एरर. सहकारी म्हणतो, असं प्रत्येक लेंथभोवती कुंपण घालत बसायचं का? पैशांचा हिशेब ज्यावर चालतो तिथे तरी घालायचंच, असं मी त्याला सांगितलंय. बाकीच्या लेंथ आम्ही दोघं अजून एकेक करून तपासतोय.