त्या शॉटमधले हात

कॉर्सेट म्हणजे जुन्या काळी युरोपातल्या बायका कमरेभोवती आवळून घालत ते ताठ अंतर्वस्त्र. त्याची नाडी आवळताना समोरच्या बाईच्या श्वासाकडे लक्ष ठेवावं लागतं. तिने श्वास सोडला की ओढायचं, घेतला की थांबायचं. पाठीच्या वरच्या टोकापासून कमरेपर्यंत एकेक फुली घट्ट करत यायचं, मग खालच्या टोकापासून वर कमरेपर्यंत. कमरेपाशी नाडीचे दोन मोठे फास सोडलेले असतात, सगळी ढील त्यांत गोळा होते आणि गाठ तिथेच बसते. पडद्यावर नायिका पलंगाचा खांब धरून उभी आणि मागून कोणी पाय रोवून ओढतंय, असं दाखवतात. त्या दृश्याचा मला फार राग येतो. नीट मापाने शिवलेलं कॉर्सेट पाठीला आधार देतं. फक्त त्याच्या आत सुती शमीज हवंच, नाहीतर कातडी सोलवटते आणि घामाने रेशीमही जातं.

मी इंग्लंडमध्ये जुन्या काळावरच्या मालिकांच्या वेशभूषा विभागात काम करते, सेटवरची ‘स्टँडबाय’ म्हणून. कपडे दुसरे शिवतात. कॅमेरा चालू असेपर्यंत ते अंगावर जसे हवेत तसे ठेवणं माझं काम. शिकले मात्र पुण्यात, संगीत नाटकांच्या रंगपटात, नऊवारी नेसवणाऱ्या काकांच्या हाताखाली. थंड हाताने अंगाला स्पर्श करायचा नाही आणि पात्राला वळायला न सांगता आपण भोवती फिरायचं, हे दोन्ही मी त्यांच्याकडून उचललं. इथे आल्यावर ते जसंच्या तसं उपयोगी पडलं.

त्या दिवशी शूटिंग ग्लॉस्टरशायरमधल्या एका जुन्या हवेलीत होतं. अशा घरांत काम करणं म्हणजे सतत परवानगी मागणं. भिंतीला खिळा नाही, फरशीवर जाड नमदा, दिवे खिडकीबाहेर उंच क्रेनवर, खोलीत पाण्याचा घोटही नाही. प्रत्येक दालनात घराचा एक माणूस डोळ्यांत तेल घालून उभा. हे मला आवडतं. ज्यांना अशा मालिका नुसत्या श्रीमंतीचं प्रदर्शन वाटतात, त्यांनी तिथे एक दिवस उभं राहावं. एका फ्रेममध्ये किती जणांची किती बारीक मेहनत असते ते कळेल.

गोष्ट १९०८ सालची. नायिका एका कर्नलची बायको, नुकतीच हिंदुस्थानातून परतलेली. रात्रीच्या जेवणासाठी तिची खास दासी तिला तयार करते आहे. संवाद नाहीत. नायिकेच्या हातात एक पत्र आणि पाठीमागे नाडी आवळणारे हात, अगदी जवळून.

माझ्या मते या मालिकांची खरी ओढ अशाच जागी आहे. लोक पोशाखांसाठी बघतात हे खरंच. आपल्याकडेही बालगंधर्वांचे शालू बघायला बायका नाटकाला जायच्या आणि घरी तसंच नेसून बघायच्या. पण पोशाखाच्या आत आणखी काहीतरी असतं. कोणीतरी कोणाची तरी निगुतीने काळजी घेतंय, घाई न करता, प्रत्येक हूक त्याच्या जागी लावतंय, हे बघताना माणूस शांत होतो. १९७१ साली आलेली ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ ही एका घरातल्या मालकांवरची आणि नोकरांवरची मालिका ज्यांना सुचली त्या जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स या दोघी अभिनेत्रींच्याही घरची माणसं नोकरचाकर म्हणून राबलेली होती. माजघरात कॅमेरा नेण्याची कल्पना तिथून आली. २०१० मध्ये तशाच धर्तीची ‘डाउन्टन ॲबी’ आली तेव्हा चांदी घासणारे, इस्त्री करणारे, केस विंचरणारे हात जगभर लोकांच्या ओळखीचे झाले.

दासीचं काम करणारी मुलगी नवी होती, गुणी होती. पण नाडीशी तिची बोटं अडखळत होती. जिने हे हजार वेळा केलं असेल तिची बोटं अशी नसतात. तिला आधी सराव द्या, असं मी लेखी कळवलं होतं. त्याच मालिकेत नायकाला घोड्यावर बसायला कित्येक आठवडे शिकवलं गेलं. नाडी बांधायलाही शिकावं लागतं, हे निर्मितीतल्या कोणाच्या मनातच आलं नाही. बायकांची कामं बायकांना जन्मतःच येतात, हा समज इंग्लंडमध्येही तितकाच घट्ट आहे.

दोन टेकच्या मध्ये मी गाठ सोडून पुन्हा बांधत होते. दिग्दर्शक मॉनिटरवर बघत होता. तो म्हणाला, “हेच हात हवेत. हेच घेऊ.” आणि मग खोलीत कोणी काही बोलेना. दासी यॉर्कशायरची गोरी मुलगी. माझे हात सावळे. मेकअपची प्रमुख म्हणाली, रंग लावून जुळवता येईल. तिच्या बोलण्यात वाईट काहीच नव्हतं. ती तिच्या कामाचं बोलत होती. मी म्हटलं, माझ्या हातांना रंग लावायचा नाही. आमच्या डिझायनरने लगेच माझी बाजू घेतली, तेव्हा विषय तिथेच थांबला.

पण मला आणखी बोलायचं होतं. ही बाई हिंदुस्थानातून आली आहे. त्या काळी अशी कुटुंबं बोटीने येताना आया बरोबर आणत. आठवडेच्या आठवडे प्रवासात मुलं सांभाळायची, बाईसाहेबांचे कपडे बघायचे, आणि साउदॅम्प्टनला किंवा लंडनला उतरल्यावर कित्येकींना परतीच्या तिकिटाशिवाय सोडून दिलं जाई. त्यांच्यासाठी लंडनमध्ये आयांचं वसतिगृह होतं, १९०० पासून हॅकनीतल्या किंग एडवर्ड्स रोडवर. २०२२ मध्ये त्या घरावर ऐतिहासिक जागांना लावतात ती निळी पाटी लागली, तेव्हा मी तिथे जाऊन आले. त्यामुळे १९०८ साली इंग्लंडमधल्या हवेलीत सावळ्या हातांनी कर्नलच्या बायकोची नाडी आवळली जाणं इतिहासाला धरूनच आहे. हे सगळं मी दिग्दर्शकाला भराभर सांगितलं. त्याने नीट ऐकलं. म्हणाला, हे सहा महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतंस. सहा महिन्यांपूर्वी मला कोणी संहिता दाखवत नाही.

शेवटी मी त्या मुलीला जेवणाच्या सुट्टीत डमीवर नाडी शिकवली. बोटं कुठे ठेवायची, फास तळहातावर कसा गुंडाळायचा, आणि श्वासाचं तेवढं पक्कं लक्षात ठेवायला सांगितलं. तिने जेवण सोडलं. दुपारी शॉट तिनेच दिला, छान दिला. मालिका आली तेव्हा दादरहून मावशीचा फोन आला, “अगं, ती मुलगी नाडी किती मायेनं बांधते!” मला मनापासून बरं वाटलं.

तरीही ती गोष्ट डोक्यातून जात नाही. माझ्या कामाच्या नियमाने दिग्दर्शक चुकला नाही. पात्राच्या बोटातली अंगठी एका शॉटमध्ये असली आणि पुढच्यात नसली तर मी आकाशपाताळ एक करते. मग हात बदललेले कसे चालतील? मला सलतं ते वेगळंच. या मालिकांचा प्रेक्षक फार चाणाक्ष म्हणवतो. २०१४ मध्ये ‘डाउन्टन’च्या एका प्रसिद्धीच्या छायाचित्रात शेकोटीवरच्या फळीवर प्लॅस्टिकची पाण्याची बाटली राहिली, तर जगभर बातम्या झाल्या. आमच्या मालिकेतल्या एका बटणाबद्दलही पत्रं आली. पण कर्नलची बायको हिंदुस्थानातून लहान मुलाला घेऊन एकटी कशी आली, तिच्या बरोबरची बाई कुठे गेली, हे एकानेही विचारलं नाही. ‘डाउन्टन’मधल्या रोझचे आईवडील मुंबईला जातात आणि परत येतात, त्यांच्या घरात तिथे कोण राबलं ते आपल्याला कधी दिसत नाही. मला या मालिका प्रिय आहेत. राबणाऱ्या हातांना इतक्या प्रेमाने जवळून बघणारा दुसरा प्रकार टीव्हीवर मला माहीत नाही. म्हणूनच हे हात त्यांतून गळाले की जास्त लागतं.

पुढच्या हंगामासाठी मी दोन पानांचं टिपण लिहून दिलंय. संहितेच्या संपादिकेने उलट विचारलं, आयेला कॉर्सेट बांधता येत असेल का? मी कळवलं, की पाच-सात वर्षं एकाच बाईकडे काम केलेल्या आयेला न येऊन कसं चालेल. बोटींच्या उतारूंच्या याद्यांत या बायकांच्या नावाच्या जागी पुष्कळदा ‘अमक्या बाईंची आया’ एवढंच लिहिलेलं असतं, तेही मी टिपणात घातलंय. तिला घेतलीत तर आधी नाव द्या, असं खाली लिहिलंय. आणि तिला साडी मीच नेसवणार, हे डिझायनरला आत्ताच सांगून ठेवलंय.