कुत्र्याचे शरीर हाच पुरावा

कुत्र्याला मारहाण झाल्याची किंवा उपाशी ठेवल्याची बातमी आली की पहिली मागणी होते ती शिक्षा वाढवण्याची. ही मागणी चुकीची नाही. पण अशा खटल्यांविषयी जसजसे वाचत गेले, तसतसे मला वाटू लागले की शिक्षेचा आकडा हा या विषयातला सर्वांत सोपा भाग आहे. खरी अडचण त्याच्या बरीच आधी येते. ज्याच्यावर गुन्हा घडला त्याला जबाब देता येत नाही आणि त्याची देखभाल करणारा माणूसच बहुतेक वेळा आरोपी असतो, तेव्हा गुन्हा सिद्ध करायचा कसा?

उपासमारीचेच उदाहरण घेऊ. बरगड्या मोजता येतील असा कुत्रा पाहून शेजाऱ्यांची खात्री पटते, पण तेवढ्याने न्यायालयाची पटत नाही, कारण बचावपक्षाचे उत्तर ठरलेले असते : कुत्रा म्हातारा होता, आजारी होता, खाल्लेले अंगी लागत नव्हते. म्हणून जाणकार पशुवैद्यक कुत्रा ताब्यात आल्या दिवशीच त्याचे वजन करतात, छायाचित्रे घेतात, एक ते नऊ या मोजपट्टीवर त्याची शरीरस्थिती नोंदवतात, जंत आणि इतर विकारांसाठी रक्त व विष्ठा तपासतात, आणि मग त्याचा आहार हळूहळू वाढवत ठरावीक दिवसांनी पुन्हा वजन घेत राहतात. कोणत्याही औषधाविना, केवळ पोटभर खाण्याने ते वजन वाढत गेले, तर आजाराची सबब टिकत नाही. कुत्रा मेलेला असेल, तर शवविच्छेदनात अस्थिमज्जेतील चरबीचे प्रमाण पाहतात, कारण शरीरातील चरबीच्या साठ्यांपैकी हा साठा अगदी शेवटी वापरला जातो. या साऱ्यात नाट्यमय असे काही नाही. पण माझ्या मते संतप्त निवेदनांपेक्षा वजनाचा असा एक तक्ता खटल्याला जास्त उपयोगी पडतो.

मारहाणीच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. ब्रिटनमधील मन्रो आणि थ्रसफील्ड या संशोधकांनी २००१ मध्ये कुत्र्या-मांजरांना जाणूनबुजून केलेल्या इजांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी मारहाण झालेल्या बालकांच्या वैद्यकीय अभ्यासाचाच धागा पकडला होता. घरातल्यांनी सांगितलेली हकिकत इजेशी न जुळणे, ती प्रत्येक वेळी बदलणे, उपचारांना झालेला अकारण उशीर, ही त्यातली काही लक्षणे. एक्स-रेमध्ये एक बरगडी ताजी मोडलेली, दुसरी भरून येत असलेली आणि तिसरी जुनी सांधलेली दिसली, तर ‘जिन्यावरून पडला’ हे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. तो किती वेळा पडला, हेही मग सांगावे लागते. मानेच्या मांसात रुतलेला पट्टा तर जवळजवळ दिनदर्शिकेसारखा वाचता येतो, कारण त्याच्याभोवती वाढलेल्या ऊतींवरून दुर्लक्ष साधारण किती काळ चालले होते, याचा अंदाज बांधता येतो.

पुरावा उत्तम असला तरी तो कोणत्या कायद्याच्या चौकटीत बसवायचा हा प्रश्न उरतोच. ब्रिटिश संसदेने १८२२ मध्ये जनावरांच्या छळाविरुद्ध केलेला कायदा गुरे, घोडे, मेंढ्या अशा उपयोगी जनावरांपुरता होता. कुत्र्यांना त्याचे संरक्षण १८३५ मध्ये मिळाले. प्राणी म्हणजे कुणाची तरी मालमत्ता, ही दृष्टी अजूनही पुरती गेलेली नाही. भारतीय न्याय संहितेतील कलम ३२५ प्राण्याला ठार मारणे किंवा विकलांग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद सांगते, पण ते आगळिकीच्या, म्हणजे मुळात मालमत्तेच्या नुकसानीच्या गुन्ह्यांमध्ये बसवलेले आहे. छळालाच गुन्हा मानणाऱ्या १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्यासाठी १० ते ५० रुपये दंड आहे, आणि या कायद्याखालील खटला गुन्ह्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. दंडाच्या रकमेवर सगळेच बोलतात. मला ही मुदत अधिक घातक वाटते, कारण पशुवैद्यकाचा अहवाल रेंगाळला की ती निमूट संपून जाते.

आणखी एक पेच म्हणजे जप्त केलेला कुत्रा हा मुद्देमालही असतो. चाकू किंवा काठी सीलबंद करून कपाटात ठेवता येते. कुत्र्याला मात्र खटल्याचा निकाल लागेपर्यंत खाऊ-पिऊ घालावे लागते, आणि पिंजऱ्यातील दीर्घ मुक्काम हाही त्याच्यासाठी छळच ठरू शकतो. अमेरिकेत फुटबॉलपटू मायकेल व्हिक याला कुत्र्यांच्या झुंजींच्या प्रकरणात २००७ मध्ये २३ महिन्यांची कैद झाली, तेव्हा न्यायालयाने कुत्र्यांच्या देखभालीसाठी त्याच्याकडून नऊ लाख डॉलरहून अधिक रक्कम घेतली आणि त्यांचे पुढे काय करायचे हे ठरवण्यासाठी कायद्याच्या एका प्राध्यापिकेची नेमणूक केली. अशा झुंजींतील कुत्र्यांना सरसकट मारून टाकण्याचा प्रघात असताना इथे प्रत्येक कुत्र्याची स्वतंत्र पारख झाली आणि बहुतेक सारे वाचले. पुढे २०१६ मध्ये कनेटिकट राज्याने कुत्र्या-मांजरांच्या खटल्यांत प्राण्याच्या हिताची बाजू मांडण्यासाठी स्वयंसेवी वकील किंवा कायद्याचे विद्यार्थी नेमण्याची मुभा न्यायालयांना दिली. बारकाईने माहिती गोळा करायला सरकारी वकिलाकडे वेळ नसतो, हे त्यामागचे साधे व्यावहारिक कारण मला पटते.

शिक्षेविषयी एकच सांगते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ पासून कमाल कैद सहा महिन्यांवरून पाच वर्षांवर गेली आहे, आणि गंभीर, निर्दय प्रकरणांत ती हवीच. परंतु दोषी व्यक्तीला ठरावीक काळ किंवा आयुष्यभर प्राणी पाळण्यास बंदी घालणारा, तेथील २००६ च्या कायद्यातला आदेश मला कैदेइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण कैद संपते आणि त्यानंतर त्या घरात दुसरा कुत्रा येऊ शकतो. अर्थात असा आदेश पाळला जातो की नाही हे अधूनमधून जाऊन पाहणारे कोणी नेमलेले नसेल, तर शेजारच्याने पुन्हा तक्रार करेपर्यंत तो मोडल्याचे कोणालाही कळत नाही.