ट्रिपल काढून सिंगल चेनरिंग: नव्या क्रँकच्या कटकटीचा माग

सायकलच्या पुढच्या तीन चेनरिंगच्या (पेडलजवळच्या दातेरी चकत्यांच्या) जागी एकच बसवायची म्हटलं की पुढचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा) जातो, त्याची केबल जाते, डावा शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका) जातो. एवढं सामान उतरल्यावर सायकल शांत व्हायला हवी. माझी उलट बोलकी झाली. चढावर जोर लावला की बॉटम ब्रॅकेटपाशी (क्रँक फ्रेममध्ये फिरतो त्या सांध्यापाशी) कट्‌कट, क्रँक (पेडलचा हात) आधीपेक्षा जड, आणि मागे सर्वांत मोठ्या चकतीवर असताना पेडल उलटं फिरवलं की चेन खालच्या चकतीवर घसरायची.

जुना सेट चौकोनी स्पिंडलचा (दोन्ही क्रँक जोडणाऱ्या दांड्याचा), बंद कार्ट्रिजवाला. नवा दोन तुकड्यांचा: उजव्या क्रँकलाच 24 मिमीचा पोकळ स्पिंडल जोडलेला, आणि बेअरिंग फ्रेमच्या बाहेर बसणाऱ्या कपांत. मूळचा दोन चेनरिंगसाठीचा हा माउंटन बाइकचा क्रँक, त्यावर मी एकच रिंग लावलेली. फ्रेमचं शेल (स्पिंडल ज्यातून जातो ती आडवी नळी) 68 मिमीचं, इंग्लिश आट्यांचं. या आट्यांत उजवा कप उलटा असतो, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे ज्यांना ठाऊक नसतं ते पान्याला लांब पाइप लावतात आणि सुटायच्या ऐवजी कप आणखी घट्ट करून ठेवतात.

आधी जडपणा हाताशी घेतला, कारण तो तपासायला सायकल चालवावी लागत नाही. चेन रिंगवरून उतरवून क्रँक फिरवला. नव्या बेअरिंगचे सील थोडे धरतात, त्यामुळे तो भिंगरीसारखा फिरावा अशी अपेक्षा नव्हती. पण हा हात सोडला की तिथंच थांबत होता. अशा वेळी पहिला संशय डावीकडच्या प्लॅस्टिकच्या टोपीवर. ती फक्त बाजूचा खेळ काढायला असते, 0.7 ते 1.5 न्यूटन-मीटर म्हणजे जवळजवळ बोटांचाच जोर. टोपी सैल केली, काही फरक नाही. मग डावा क्रँक काढून स्पिंडल बाहेर घ्यायला गेलो तर तो हाताने सरकेना, रबरी हातोडीने ठोकावा लागला. चांगल्या बसलेल्या कपांतून तो तळहाताच्या दाबाने किंवा फार तर हलक्या ठोक्याने निघायला हवा. म्हणजे दोन्ही बेअरिंग एका रेषेत नव्हती.

कप उतरवून शेलची कड उजेडात धरली. डाव्या कडेवर रंगाचा जाड थर होता आणि एका बाजूला त्याची गाठ आलेली. स्पेसर (कप आणि शेलमधली सपाट कडी) नुसता टेकवून पाहिला तर अर्ध्या भागात चिकटला, उरलेल्या अर्ध्यात फटीतून उजेड दिसत होता. जुन्या कार्ट्रिजला याचं काहीच वाटलं नव्हतं, कारण त्याची दोन्ही बेअरिंग एकाच नळीत असतात. कड वाकडी असली तरी त्यांची आपसातली रेष बिघडत नाही. बाहेरचे कप मात्र त्या कडांच्या भरवशावरच समांतर राहतात. फ्रेममधला हा दोष पहिल्यापासून होता, नव्या रचनेने तो फक्त उघडा पाडला. रंग खरवडून धातूपर्यंत नेला, आटे पुसून ग्रीस लावलं, कप पुन्हा 40 न्यूटन-मीटरच्या आसपास आवळले. स्पिंडल हाताने आत गेला. फ्रेमची धातूची कडच वाकडी असती तर खरवडून भागलं नसतं. ती कापून सपाट करायचं वेगळं हत्यार लागतं आणि ते काम कारागिराकडेच द्यावं.

कटकट मात्र तशीच.

या आवाजाचा त्रास असा की फ्रेमच्या पोकळ नळ्या तो कुठूनही कुठेही नेतात. सीटपोस्टचा आवाज बॉटम ब्रॅकेटचा वाटतो. म्हणून सोपं ते आधी बाद करत गेलो. पेडल न मारता उतारावर सोडली तर गप्प, म्हणजे चाकं संशयातून सुटली. उभं राहून चालवली तरी आवाज, म्हणजे सीट आणि सीटपोस्ट सुटले. पेडल काढून आटे पुसले, ग्रीस लावून पुन्हा बसवले (डाव्या पेडलचे आटेही उलटे असतात), तरी आवाज. उरली ती चेनरिंग.

तिचे बोल्ट घट्टच होते, पाना हलत नव्हता. इथेच माणूस फसतो. हे बोल्ट दोन रिंगांसाठीचे होते. त्यांच्या नळीसारख्या नटाची लांबी क्रँकचा हात आणि दोन रिंगा धरून ठरलेली. एक रिंग कमी झाली की बोल्ट नटात शेवटपर्यंत जाऊन अडतो, पान्याला घट्ट लागतो, पण रिंग पकडलेलीच नसते. काढून पाहिलं तर रिंग टेकते त्या जागी चंद्रकोरीएवढा भाग घासून चकचकीत झालेला आणि भोवती अॅल्युमिनियमची काळी पेस्ट. सिंगल रिंगचे आखूड बोल्ट घातले आणि आवाज जागीच थांबला. कुणी या आवाजासाठी बॉटम ब्रॅकेट बदलायला सांगितला, तर आधी हे बोल्ट पाहायला सांगा.

चेन घसरायचं कारण वेगळं. पुढे पेडल मारताना मागच्या डिरेलरची पुली चेनला चकतीवर नेऊन सोडते. उलटं फिरवलं की चेन थेट चेनरिंगकडून येते, वाट दाखवायला कुणी नसतं, आणि तिरकी असेल तर शेजारच्या चकतीवर उतरते. सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) मध्यापासून रिंगच्या दातांपर्यंत मोजलं तर 52 मिमी भरलं. कॅसेटचा (मागच्या चकत्यांच्या संचाचा) मध्य मात्र साधारण 45 मिमीवर. 68 मिमी शेलवर अशा क्रँकला अडीच मिमीचे तीन स्पेसर लागतात, दोन उजवीकडे आणि एक डावीकडे. रिंग आत यावी म्हणून उजवीकडचा एक डावीकडे नेला. अख्खा क्रँक अडीच मिमी डावीकडे सरकला, रिंग आणि चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी फ्रेमची नळी) यांच्यामध्ये बोटभर नाही तरी पुरेशी जागा उरली. दोन्ही पेडलंही तेवढीच सरकली. मला जाणवलं नाही, पण गुडघ्याचं दुखणं असलेल्याने हा उपाय विचार करून करावा.

घसरणं पूर्ण थांबलं नाही. मोठ्या चकतीवर चेन आता दोन-तीन फेरे उलटे झेलते, मग उतरते. त्या चकतीवर असताना मी पेडल उलटं फिरवत नाही.